चिनी सिझर लिफ्ट आणि बूम लिफ्टवर अँटी-डंपिंग शुल्क: युरोपने लावलं, आपण लावावं का?

भाडेमशीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

चीनहून येणाऱ्या सिझर लिफ्ट आणि बूम लिफ्टवरचं शुल्क युरोपियन कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कायम केलं. चौकशी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. जुलै २०२४ मध्ये तात्पुरतं शुल्क बसलं आणि आता ते पाच वर्षांसाठी पक्कं झालं. अँटी-डंपिंग (स्वतःच्या देशापेक्षा कमी दराने विकण्याविरुद्धचं) आणि अनुदानविरोधी अशी दोन्ही शुल्कं धरली तर कंपनीनुसार आकडा सुमारे २० ते ६६ टक्के होतो. अमेरिकेने हेच काम आधी केलं होतं. तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज झाला, डिसेंबर २०२१ मध्ये अनुदानविरोधी आदेश निघाला आणि एप्रिल २०२२ मध्ये अँटी-डंपिंगचा.

ज्यांचा या मशिनींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मॉलमध्ये किंवा गोदामात छताजवळचं काम करताना कात्रीसारख्या उघडणाऱ्या दांड्यांवर एक कठडेवाला पाट वर जातो, ती सिझर लिफ्ट. लांब हातासारखा दांडा आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली, ती बूम लिफ्ट. दोन्ही स्वतःच्या चाकांवर चालतात आणि वरचा माणूसच त्या हलवतो. भोसरीत मी ही मशिनं भाड्याने देतो. चाकणच्या शेडपासून भिवंडीच्या गोदामापर्यंत सगळीकडे जातात.

युरोपचा निर्णय आल्यापासून आमच्या धंद्यातल्या गटांमध्ये दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आता चीनचा उरलेला माल आपल्याकडे येणार, ताबडतोब शुल्क लावा. दुसरा म्हणतो, स्वस्त येतंय तर येऊ द्या. मला दोन्ही सूर अर्धवट वाटतात. चिनी कारखान्यांना अमेरिकेचं आणि युरोपचं दार जड झालं, त्यांच्या देशात बांधकाम मंदावलंय, तेव्हा माल इकडे वळणार हे उघड आहे. विक्रेत्यांची उधारीची मुदत वाढली, किंमत उतरली, हे माझ्यासारख्या प्रत्येक भाडेवाल्याला दिसतंय. पण आपल्याकडे हे मशीन अजून परांचीशी आणि शिडीशी स्पर्धा करतंय. युरोपात बूम महाग झाली तर भाडेकंपनी दुसरी बूम घेते. इथे ती महाग झाली तर कंत्राटदार बांबू बांधतो. शुल्काचा विचार करताना हा फरक सोडून चालणार नाही, एवढंच मला कळकळीने म्हणायचं आहे.

कायदा माहीत असलेल्यांनी, कारखानेवाल्यांनी आणि साइटवर काम करणाऱ्यांनी लिहावं.

---

पहिलीपायरी

विषय नवीन आहे म्हणून साधा प्रश्न विचारतो. कोणी स्वस्त विकत असेल तर विकू द्यावं ना? दुसऱ्याच्या सरकारने अनुदान दिलं तर त्यांच्या करदात्याचा पैसा आपल्याला मिळाला. तक्रार कशाची?

---

जकातनाका

@पहिलीपायरी, प्रश्न अगदी बरोबर आहे. न्हावा शेवाला सीएचए (आयातदारांचं कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणून काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्वस्त विकणं हा गुन्हा नाही. कायद्याचा आक्षेप वेगळा आहे. एखादा निर्यातदार स्वतःच्या देशात ज्या दराने विकतो त्याहून कमी दराने आपल्याकडे विकत असेल आणि त्यामुळे आपल्या उत्पादकाला ठोस नुकसान होत असेल, तरच शुल्क लावता येतं. फरक आहे, नुकसान आहे, आणि नुकसान त्या फरकामुळेच झालंय, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मागणी घटली म्हणून कारखाना तोट्यात गेला असेल तर त्याचा दोष आयातीवर टाकता येत नाही.

आपल्याकडे कस्टम्स टॅरिफ अॅक्ट १९७५ चं कलम ९ए आणि १९९५ चे नियम लागू होतात. चौकशी वाणिज्य मंत्रालयाचं डीजीटीआर करतं. २०१८ पूर्वी त्याला डीजीएडी म्हणत. पण डीजीटीआर फक्त शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही हे वित्त मंत्रालय ठरवतं. २०२० नंतरच्या काही वर्षांत वित्त मंत्रालयाने बऱ्याच शिफारशी स्वीकारल्या नव्हत्या, त्यामुळे शिफारस आली की शुल्क बसलंच असं धरू नका.

चीनच्या बाबतीत घोळ असा की तिथला देशांतर्गत दर बहुतेक देश प्रमाण मानत नाहीत. स्टील, जमीन, कर्ज यांत सरकारचा हात आहे असं म्हणून दुसऱ्या एखाद्या देशातल्या खर्चावरून 'सामान्य मूल्य' काढलं जातं. त्यामुळे फरकाचे आकडे फुगलेले दिसतात. अमेरिकेच्या प्रकरणात सहकार्य न करणाऱ्या चिनी कंपन्यांना अँटी-डंपिंगचा दर १६५ टक्क्यांवर गेला, तर सहकार्य करणाऱ्यांचा त्याच्या बराच खाली राहिला. म्हणून बातमीतला मोठा आकडा वाचून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. ज्या कंपनीचं मशीन घेताय तिचा दर बघा.

---

लोखंडी

भोसरी-चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशन करतो. धागाकर्त्याचं दुःख समजतं, पण आमचंही ऐका.

सिझर लिफ्टमध्ये असतं काय? चौकोनी नळ्यांचे हात, पिना, बुश, चासी, हायड्रॉलिक सिलेंडर, पंप, बॅटरी, कंट्रोलर, चार्जर. कंट्रोलर आणि चांगली ड्राइव्ह मोटर सोडली तर यातलं आमच्या भागात काय होत नाही? लोक इथे जेसीबीची, ट्रॅक्टरची, क्रेनची कामं करतात. वेल्डर आहेत, लेझर कटिंग आहे, सिलेंडर होनिंग आहे. नाही ते फक्त संख्या. चीनचा कारखाना एका मॉडेलच्या हजारो मशिनी काढतो, म्हणून त्याची जिग (भाग धरून ठेवायचा साचा), त्याचा रोबो, त्याचं रंगकाम, सगळ्याचा खर्च निघतो. माझ्याकडे कोणी पंधरा-वीस चासीचं काम घेऊन आलं तर अशा साच्याचा खर्चही निघत नाही.

आता दर पाडून माल येत राहिला तर इथे कोण कारखाना टाकणार? आधी कारखाना दाखवा मग शुल्क, असं म्हणाल तर कारखाना कधीच होणार नाही. धागाकर्ता मशीन भाड्याने देतो, त्याला खरेदी स्वस्त हवी, हे मी चुकीचं म्हणत नाही. पण दहा वर्षांनी पूर्ण बाजार बाहेरच्यांच्या हातात गेला की तेच लोक दर वाढवतील, सुट्या भागांचे तर आत्ताच वाढवतात.

---

जकातनाका

@लोखंडी, तुमच्या मुद्द्याला कायद्यात जागा आहे. उद्योग उभा राहण्यातच ठोस अडथळा येत असेल तर तोही 'नुकसाना'चाच एक प्रकार मानला जातो. पण त्यासाठी कागद लागतात: गुंतवणूक ठरली आहे, जमीन घेतली आहे, यंत्रं मागवली आहेत, आणि आयातीच्या दरामुळे हे अडलं आहे. नुसती इच्छा पुरत नाही.

दुसरी अट आकड्याची आहे. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं, आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा पाठिंबा देणारे जास्त हवेत. जो उत्पादक तेच मशीन चीनहून आणतो किंवा चिनी निर्यातदाराशी संबंधित आहे, त्याला 'देशी उद्योगा'तून वगळलं जाऊ शकतं. आपल्याकडे काही कंपन्या थोडं बनवतात आणि थोडं आणून आपल्या नावाने विकतात. अशांची गणना कशी होणार यावरच अर्ज उभा राहील किंवा पडेल.

---

टुलिप

मी नेदरलँड्समध्ये एका भाडेकंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतो. मूळ सांगलीचा. इथे काय घडलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचा अंदाज येईल.

चौकशीची बातमी आली तसं लोकांनी मशिनं भरून ठेवायला सुरुवात केली. इथला आयातदार मूर्ख नाही, तात्पुरतं शुल्क कधी बसू शकतं हे कायद्यातच लिहिलेलं असतं. नंतर भाडेकंपन्यांनी जुनी मशिनं जास्त वर्षं ठेवायचं ठरवलं. माझ्या कामाचा मोठा भाग आता सिलेंडरचे सील, पिना, बॅटऱ्या बदलण्यात जातो.

पण सगळ्यात मोठा धडा वेगळा आहे. जेएलजी आणि जिनी ही लिफ्टमधली अमेरिकन नावं आहेत, पण दोघांचेही चीनमध्ये कारखाने आहेत: जेएलजीचा तिआंजिनमध्ये, जिनीची मालक टेरेक्स, तिचा चांगझोऊमध्ये. अमेरिकेत शुल्क मागणाऱ्यांमध्ये या दोन्ही कंपन्या होत्या. युरोपात मात्र त्यांच्या चिनी कारखान्यांतून येणाऱ्या मालालाही शुल्क लागलं. शुल्क लागतं ते मशीन कुठे बनलं यावर, त्यावर कोणाचं नाव रंगवलंय यावर नाही. भारतात लावायचं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. तुम्ही 'अमेरिकन मशीन' म्हणून जे घेता ते कदाचित चीनमधूनच येत असेल.

उलट चिनी कंपन्याही बाहेर पडतात. झूमलायनने कारखान्यासाठी हंगेरी निवडलं. एलजीएमजीने मेक्सिको निवडलं. डिंगलीने अमेरिकेतली एमईसी ही लिफ्टकंपनी पूर्ण विकत घेतली, आणि इटलीच्या मॅग्नी या कंपनीत तिने आधीच हिस्सा घेतला होता. म्हणजे शुल्काने आयात थोपवली की गुंतवणूक बाहेर पडते. ही गुंतवणूक तुमच्याकडे यावी असं वाटत असेल तर शुल्काबरोबर बाजारही दाखवावा लागेल. नुसत्या शुल्काने कोणी चाकणला येणार नाही.

---

भाडेमशीन

@टुलिप, फार उपयोगी माहिती. एक विचारतो: युरोपात ग्राहकाचं, म्हणजे भाडेकंपन्यांचं, म्हणणं कोणी ऐकलं का?

---

टुलिप

हो, आणि हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. युरोपच्या नियमांत 'युरोपियन युनियनच्या हिता'ची वेगळी कसोटी आहे. उत्पादक, आयातदार, वापरणारे, सगळ्यांचं म्हणणं नोंदवून घेतात आणि शुल्क लावणं एकूण हिताच्या विरुद्ध आहे का हे तपासतात. भाडेकंपन्यांनी आपलं म्हणणं मांडलं, कमिशनने ते नोंदवलं, आणि शेवटी शुल्क लावायचंच ठरवलं. लिफ्ट बनवणाऱ्या फ्रान्सच्या हॉलोटसारख्या कंपन्यांचं आणि इथल्या कारखान्यांतल्या नोकऱ्यांचं पारडं जड ठरलं. अमेरिकेच्या कायद्यात अशी कसोटीच नाही. नुकसान आणि डंपिंग सिद्ध झालं की शुल्क लागतं, ग्राहक काहीही म्हणो.

व्याप्तीची आखणीही बघण्यासारखी आहे. युरोपने स्वतः चालणारी, माणसं उचलण्यासाठी बनवलेली, सहा मीटर किंवा त्याहून जास्त कार्यउंचीची मशिनं धरली. ट्रकवर बसवलेले प्लॅटफॉर्म वगळले. अमेरिकेने टेलिहँडलरही (लांब दांड्याने माल उचलणारी मशिनं) घेतले आणि सुटे मोठे भागही, म्हणजे चासी एका देशातून आणि हात दुसऱ्या देशातून आणून जोडायची वाट त्यांनी आधीच बंद केली.

---

अंकगणित

भावना सोडून थोडं हिशेबाचं बोलू. समजा दहा लाख रुपये मूल्याची सिझर लिफ्ट आली. सीमाशुल्काच्या यादीतल्या ८४२७ या वर्गाखाली मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे ७५,००० अधिक ७,५०० = ८२,५००. आत्ता खर्च १०,८२,५०० आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी, जो परत क्रेडिट मिळतो.

आता गृहीत धरा की ३० टक्के अँटी-डंपिंग लागलं. त्याचे ३,००,०००. खर्च १३,८२,५००. आयजीएसटी या वाढलेल्या रकमेवर बसतो, म्हणजे खेळतं भांडवलही जास्त अडकतं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण अँटी-डंपिंगचं क्रेडिट मिळत नाही. ते तीन लाख कायमचे मशीनच्या किमतीत गेले. म्हणजे भाडेवाल्याला खरेदी सुमारे २८ टक्के महाग.

पण भाडं २८ टक्के वाढत नाही, हेही समजून घ्या. भाड्यात मशीनची किंमत असते, पण त्याबरोबर ट्रान्सपोर्ट, ऑपरेटर, दुरुस्ती, विमा, व्याज, आणि मशीन रिकामं उभं राहतं ते दिवसही असतात. किमतीचा भाग निम्मा धरला तर भाडं साधारण १४ टक्के वाढायला हवं. आता धागाकर्त्यांनीच सांगावं की एवढ्याने गिऱ्हाईक परांचीकडे जाईल का.

---

भाडेमशीन

@अंकगणित, हिशेब चोख आहे आणि निम्म्याचा अंदाजही वास्तवाच्या जवळचा आहे. मोठ्या साइटवर जाणार नाही. मेट्रो, विमानतळ, डेटा सेंटर, परदेशी कंपनीचा कारखाना, तिथे सुरक्षेच्या अटी करारातच असतात. शिडीवरून काम करायला परवानगीच नसते. ते १४ टक्के मुकाट्याने देतील.

प्रश्न मधल्या गिऱ्हाइकाचा आहे. पत्र्याच्या शेडवर गळती दुरुस्त करायची आहे, फायर स्प्रिंकलरची पाइप बदलायची आहे, गोदामात लाइट बदलायचे आहेत. याच्याकडे दोन्ही पर्याय असतात आणि तो रोज तुलना करतो. गेल्या काही वर्षांत हा माणूस मोठ्या मुश्किलीने मशीनकडे वळलाय, कारण चिनी मशिनींमुळे भाडं त्याच्या आवाक्यात आलं. याला मी हातचा सोडायला तयार नाही.

---

साइटसुरक्षा

भिवंडी पट्ट्यात गोदामांच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. धागाकर्त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात थोडी भर घालते.

गोदामाचं छत दहा-बारा मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवर परांची बांधायची म्हणजे नीट बांधली तर वेळ जातो, खर्च होतो. आयएस ३६९६ मध्ये परांचीचे आणि शिड्यांचे नियम आहेत, जुन्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतही होते. पण छोटा कंत्राटदार नीट परांची बांधतच नाही. दोन घोडे (स्टँड), त्यावर फळी, फळीवर शिडी, आणि वर एक पोरगा. हार्नेस कमरेला असतो, पण हुक कुठे अडकवणार? वर अडकवायला काही नसतं. मी अशी कामं थांबवली आहेत आणि थांबवल्याबद्दल बोलणी खाल्ली आहेत.

सिझर लिफ्ट आली की कठडा येतो, अडकवायची कडी येते, खाली उतरायचं आणीबाणीचं बटण येतं. जमीन उतरती असेल तर टिल्ट अलार्म वाजतो आणि मशीन वर जायला नकार देतं. म्हणून शुल्काची चर्चा फक्त कारखाना विरुद्ध भाडेवाला अशी होऊ नये असं मला मनापासून वाटतं. वर उभा राहणारा जो माणूस आहे तो या चौकशीत कुठेही पक्षकार नसतो. त्याच्या वतीने कोणीतरी बोललं पाहिजे.

पण स्वस्त मशीनच्या बाजूनेही मी डोळे मिटून बोलणार नाही. काही मशिनी येतात त्यांचं मॅन्युअल फक्त चिनी आणि मोडक्या इंग्रजीत असतं. ओव्हरलोड सेन्सर बायपास केलेला सापडला आहे. भाडेवाला दुरुस्ती न करता पुढच्या साइटवर पाठवतो. मशीन कुठून आलं हा प्रश्न जसा आहे तसा ते कोण सांभाळतो हाही आहे.

---

लोखंडी

@साइटसुरक्षा ताई, तुमच्या मुद्द्यापुढे बोलायला शब्द नाहीत. कामगाराच्या जिवापेक्षा माझी चासी मोठी नाही.

पण म्हणून मी मागे हटत नाही, मार्ग शोधू या. उंचीवर फरक करा. सहा ते बारा मीटरच्या साध्या इलेक्ट्रिक सिझर लिफ्ट आपण बनवू शकतो, त्यांच्यावर विचार करा. मोठ्या बूम लिफ्ट, खडबडीत जमिनीवरच्या डिझेल मशिनी आपण आत्ता बनवणार नाही, त्या मोकळ्या ठेवा. आपल्याकडे हायड्रा क्रेन बघा. ही पिक-अँड-कॅरी, म्हणजे माल उचलून घेऊन चालणारी क्रेन आपल्या गरजेतून वाढली आणि आज देशी कंपन्या ती मोठ्या संख्येने विकतात. सिझरमध्येही ते होऊ शकतं.

---

भाडेमशीन

@लोखंडी दादा, हायड्राचं उदाहरण मला उलट बाजूने पटतं. ती क्रेन वाढली ती आपल्या साइटला लागणारं, आपल्या किमतीचं, आपल्या मेकॅनिकला उघडता येणारं मशीन होतं म्हणून. तीच वाट सिझरला घ्यायला हवी: आपल्या धुळीत टिकणारं, आपल्या चढउतारावर चालणारं, भाग पिंपरीच्या दुकानात मिळणारं. असं मशीन तुम्ही केलंत तर मी चिनीपेक्षा थोडं जास्त देऊन घेईन, कारण बंद पडलेल्या मशीनचं भाडं मिळत नाही. सुट्या भागासाठी जहाजाची वाट बघण्याचा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो, पण तो मी भरतो.

अडचण अशी की उंचीप्रमाणे फरक करायचा तुमचा प्रस्ताव आहे त्यातल्या सहा ते बारा मीटरमध्येच ताईंची सगळी गोदामं येतात. शुल्क नेमकं त्याच मशीनवर बसेल ज्याने परांची मागे सारली.

---

जकातनाका

इथे एक गोष्ट दोघांच्याही कामाची आहे. भारत 'लेसर ड्युटी'चा नियम पाळतो. डंपिंगचा फरक ६० टक्के निघाला, पण देशी उद्योगाचं नुकसान भरून काढायला २५ टक्के पुरत असेल, तर शुल्क २५ टक्केच लागतं. अमेरिकेत असा नियम नाही, तिथे पूर्ण फरक लावतात. नुकसानीचा आकडा काढताना डीजीटीआर देशी उत्पादकाचा खर्च बघून 'नुकसान न करणारी किंमत' ठरवतं, आणि तो खर्च क्षमतेचा वापर चांगला असल्याचं धरून काढतात. म्हणजे अर्धा रिकामा कारखाना चालवणाऱ्याची सगळी अकार्यक्षमता आयातदाराच्या माथी मारता येत नाही. लोखंडी दादा, अर्ज करणाऱ्या कंपनीने हे आधी तपासावं, नाहीतर हातात येणारं शुल्क अपेक्षेपेक्षा बरंच कमी असेल.

आयातदारांसाठीही अमेरिकेत आणि इथे मोठा फरक आहे. तिथे आयातीच्या वेळी जे भरता ती फक्त अनामत असते. खरा दर नंतरच्या वार्षिक पुनरावलोकनात ठरतो आणि मशीन विकून झाल्यावरही फरकाचं बिल येऊ शकतं. भारतात आणि युरोपात अधिसूचनेतला दर पुढच्या आयातीला लागतो, त्यामुळे किंमत आधी कळते. आमच्या धंद्यात हे मोठं समाधान आहे.

---

पहिलीपायरी

शुल्क चुकवायला लोक दुसऱ्या देशातून फिरवून आणत नाहीत का?

---

टुलिप

आणतात. यावर युरोपातलं जुनं प्रकरण फार शिकवणारं आहे. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकवर युरोपने २००५ मध्ये चीनविरुद्ध शुल्क लावलं. थोड्याच वर्षांत थायलंडहून पॅलेट ट्रक येऊ लागले, तेव्हा २००९ मध्ये शुल्क थायलंडहून येणाऱ्या मालावरही वाढवलं. मग वजन दाखवणारी यंत्रणा बसवलेले पॅलेट ट्रक येऊ लागले, कारण ते 'वेगळं उत्पादन' म्हणून सुटत होते. त्यांनाही नंतर आत घेतलं. २०१३ च्या पुनरावलोकनात दर ७०.८ टक्क्यांवर गेला. इतक्या वर्षांनीही ते शुल्क चालू आहे. एकदा लागलेलं शुल्क पाच वर्षांनी सुटेलच असं धरून धंद्याची आखणी करू नका, आणि कारखानेवाल्यांनीही ते कायमचं कुंपण समजू नये.

---

जकातनाका

भारताच्या १९९५ च्या नियमांतही वळसा घालून आणण्याविरुद्ध तरतूद आहे. थोडा बदल करून, तिसऱ्या देशातून किंवा सुटे भाग आणून जुळवलं तर वेगळी चौकशी करून शुल्क वाढवता येतं. आयातदारांना कळकळीची विनंती: मूळ देशाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून निश्चिंत होऊ नका. व्यापार कराराखालची शुल्कसवलत मागितली असेल तर २०२० पासून आयातदाराकडूनच मूळ देशाची माहिती आणि कागद मागितले जाऊ शकतात. पुरवठादाराने 'आम्ही बघून घेऊ' म्हटलं तर पुढे विचारपूस तुमची होते, त्याची नाही.

---

साइटसुरक्षा

मला एक प्रस्ताव मांडायचा आहे. शुल्क लागलंच तर ते कमी उंचीच्या मशिनींवर पूर्ण न लावता टप्प्याने यावं. आणि कामगार सुरक्षेचा मुद्दा सरकारी विचारात असायलाच हवा, युरोपात वापरणाऱ्यांचं ऐकलं तसं.

---

जकातनाका

ताई, त्यासाठी रस्ता आहे. चौकशी सुरू झाली की अधिसूचना निघते. तीत कोणतं उत्पादन, कोणता चौकशी काळ, कोणत्या तारखेपर्यंत म्हणणं द्यायचं हे असतं. वापरणाऱ्यांनाही प्रश्नावली असते आणि आर्थिक हिताविषयी माहिती देता येते. मुदत साधारण ३० दिवसांची असते, वाढवून मागता येते, पण मागावी लागते. तोंडी सुनावणीही होते. गोपनीय आकडे दिले तर त्यांचा सार्वजनिक सारांश द्यावा लागतो, नाहीतर डीजीटीआर ते बाजूला ठेवू शकतं.

अनुभवाने सांगतो, वापरणाऱ्यांचा सगळ्यात जास्त परिणाम उत्पादनाच्या व्याख्येवर होतो. "शुल्क लावू नका" असं लिहून फारसं काही होत नाही. "बारा मीटरवरच्या बूम लिफ्ट भारतात बनत नाहीत, हे पुरावे, म्हणून व्याप्तीतून वगळा" असं लिहिलं तर ऐकतात. त्यामुळे आकडे गोळा करून ठेवा: कुठली मशिनं किती विकत घेतली, देशी उत्पादकाकडे मागणी पाठवली तर काय उत्तर आलं, डिलिव्हरी किती महिन्यांची सांगितली, सर्व्हिस कुठे मिळाली. देशी पुरवठादाराला पाठवलेली चौकशी आणि त्याचं लेखी उत्तर हा तुमचा सर्वांत मजबूत कागद असतो.

---

लोखंडी

हे माझ्याही बाजूला लागू पडतं. आम्हीही लेखी उत्तर द्यायला शिकलं पाहिजे. चौकशी आली की फोनवर "बघतो" म्हणून सोडून देतो, आणि मग म्हणतो आम्हाला कोणी विचारलं नाही. भाडेमशीन, तुम्ही सहा आणि आठ मीटरच्या सिझरच्या हातांची आणि चासीची मागणी लेखी पाठवा. दर, मुदत आणि किमान संख्या मी लेखी कळवतो. जमलं तर चांगलंच, नाही जमलं तरी दोघांच्याही फाइलला कागद राहील.

---

भाडेमशीन

@लोखंडी दादा, आठवडाभरात ड्रॉइंग आणि चौकशी पाठवतो. पिना आणि बुशपासून सुरुवात करू, ते मला दर महिन्याला लागतात आणि त्यासाठी चीनकडे बघायची गरजच नसावी.

माझं मत आता असं ठरलंय. पूर्ण मशिनींवर सरसकट शुल्काला माझा विरोध राहील आणि मागणी झाली तर वापरणारा म्हणून मी लेखी म्हणणं देईन. त्यात भिवंडी आणि चाकणच्या गोदामांतली कामं, परांचीचा पर्याय आणि वरच्या माणसाची सुरक्षा हे पहिल्या पानावर असेल, दर दुसऱ्या पानावर. बूम लिफ्ट आणि खडबडीत जमिनीवरच्या मशिनी व्याप्तीत नसाव्यात ही ठाम मागणी असेल. लहान सिझरबद्दल लोखंडी दादांसारख्या कोणी खरोखर उत्पादन सुरू केलं आणि दर पाडून त्याला मारलं जातंय असं दिसलं, तर मी शुल्काच्या बाजूने उभा राहीन. पण तेव्हाही दर नुकसानीपुरताच असावा आणि टप्प्याने यावा, ताईंनी म्हटलं तसं.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, भिवंडी भागातले भाडेवाले जे आपली खरेदीची आणि देशी पुरवठादारांच्या उत्तरांची नोंद द्यायला तयार असतील त्यांनी मला इथल्या निरोपातून कळवावं. मशीनचा प्रकार, कार्यउंची, खरेदीचं वर्ष आणि देशी पर्याय मागितला होता का, एवढं पुरे. ग्राहकांची नावं नकोत. @साइटसुरक्षा ताई, काम थांबवलेल्या घटनांची टिपणं साइटचं नाव न देता लिहून पाठवाल का?

---

साइटसुरक्षा

पाठवते. कुठल्या उंचीवर काय काम होतं आणि मशीन का मागवलं नव्हतं, हे दोन रकाने नक्की टाकेन.